त्या शुक्रवारचा चहा

आमचं घर दोन खोल्यांचं, त्यामुळे चौदा चित्रं लावायला भिंती पुरत नसत. क्रुसाच्या वाटेची ती चित्रं वडिलांनी एका जुन्या पुस्तकातून कापून पुठ्ठ्यावर चिकटवली होती. वडील गोदीत कारकून होते. ते वारले तेव्हा मी अकरावीत होते. ईस्टरपूर्वीचा चाळीस दिवसांचा उपासकाळ सुरू झाला की आय ट्रंकेतून ती चित्रं काढायची आणि मी स्टुलावर चढून खिळ्यांना अडकवायची. येशूला शिक्षा सुनावतात ते पहिलं चित्र दारामागे, तिसरं शिवणयंत्राच्या वर, सहावं चुलीपाशी, नववं आतल्या खोलीत आयच्या पलंगाच्या उशाशी, आणि शेवटचं, येशूला थडग्यात ठेवतात ते, मोरीच्या कडेला. मोरीपाशी ते नको असं आय दर वर्षी म्हणायची, पण दुसरी जागाच नव्हती.

गिरगावातल्या एका वाडीत, लाकडी जिन्याच्या घरात, पहिल्या मजल्यावर आम्ही राहत होतो. आमच्यासारखी पिढ्यान्‌पिढ्या मुंबईतच असलेली पाच-सहा ख्रिस्ती घरं वाडीत होती, बाकी सगळे हिंदू. घरी आम्ही मराठीच बोलायचो, आमची म्हणून जी एक मराठी आहे ती. आईला आम्ही आय म्हणायचो. शाळा मात्र माझी नन्सची आणि इंग्रजी. मॅट्रिक झाल्यावर मी टायपिंग शिकले आणि फोर्टात एका जहाज कंपनीच्या कचेरीत लागले. तिथल्या मुली माहीम-वांद्र्याच्या होत्या. घरी आम्ही इंग्रजी बोलतो असं मी त्यांना पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं. कोणी विचारलंही नव्हतं.

आयचे गुडघे संधिवाताने धरले होते आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. जिना उतरून देवळापर्यंत जाणं तिला जमेनासं झालं, तेव्हा तिने उपासकाळ घरातच पाळायचं ठरवलं. दर शुक्रवारी संध्याकाळी ती भिंतीला हात लावत एका चित्रापासून दुसऱ्या चित्रापर्यंत जायची आणि प्रत्येक ठिकाणची प्रार्थना तिला कोणीतरी वाचून दाखवावी लागायची. वाचणं हे माझं काम. पुस्तक मराठीतलं, वडिलांचं. पहिल्या वर्षी मी वाचलं, पण खिडक्या लावून. आयला वाटायचं, धूळ येते म्हणून लावते. खरं म्हणजे वाडीतल्या इतर ख्रिस्ती घरांतून इंग्रजी प्रार्थना ऐकू यायच्या आणि आपली मराठी बाहेर जाऊ नये असं मला वाटायचं.

दुसऱ्या वर्षी मी कचेरीतून उशिरा यायला लागले. काम असायचं तसं नाही. मैत्रिणींबरोबर समुद्रावर फिरायचं, नाहीतर उगीच दुकानांच्या काचा बघत चालत घरी यायचं. तोवर आय एकटीच पाठ असेल तेवढं म्हणून मोकळी झालेली असायची.

हे सगळं आमच्या मजल्यावरच्या बाईंच्या लक्षात आलं.

बाई म्हणजे मास्तरीणबाई. म्युनिसिपालिटीच्या शाळेत सकाळच्या पाळीला शिकवायच्या. विधवा, पंचेचाळिशीच्या पुढच्या, अंगाने काटकुळ्या. अख्खी वाडी त्यांना बाई म्हणायची. त्यांचं नाव मला किती तरी वर्षं माहीतच नव्हतं. त्यांचा एकुलता मुलगा कॉलेजात शिकत होता. त्यानंतरच्या हिवाळ्यात संयुक्त महाराष्ट्रासाठी मोर्चे निघाले, गिरगावात गोळीबार झाला, आठवडाभर आमच्या रस्त्यावरची दुकानं उघडली नाहीत. पुढे बाईंच्या मुलाला सत्याग्रहात पकडून नेलं. बाई दुसऱ्या दिवशी वेळेवर शाळेत गेल्या. येताना रडल्या असतील तर रस्त्यात रडल्या असतील. आम्हाला दिसलं नाही.

तिसऱ्या वर्षी राखेच्या बुधवारी, उपासकाळाच्या पहिल्या दिवशी, मी सकाळी देवळात जाऊन कपाळाला राख लावून घेतली आणि कचेरीच्या पायऱ्या चढण्यापूर्वी रुमालाने पुसली. कारण कचेरीतला मोठा साहेब पारशी होता, एवढंच. त्यानंतरच्या शुक्रवारी मी घरी आले तर आतून वाचण्याचा आवाज येत होता. स्वच्छ, खणखणीत, शाळेतला. बाई चष्मा लावून आयच्या शेजारी उभ्या होत्या आणि आयने त्यांचा दंड धरला होता.

"ये," बाई म्हणाल्या. "पाचव्यावर आहोत. तू दमली असशील, चहा घे. मी वाचते."

आयने त्यांना आधीच विचारलं होतं, तुम्हाला चालेल ना, तुमचा धर्म वेगळा. त्यावर बाई म्हणाल्या होत्या, "वाचायला काय होतं? वाचणं हा माझा धंदाच आहे. फक्त गुडघे टेकणार नाही हं. टेकले तर उठवायला दुसरं माणूस लागेल."

त्यानंतर दर शुक्रवारी त्या येऊ लागल्या. चपला बाहेर काढायच्या, पदर कमरेला खोचायच्या, आयला हाताला धरून उठवायच्या. त्यांच्या कानात पेन्सिल खोचलेली असायची. पुस्तकात ऱ्हस्वदीर्घाच्या चुका पुष्कळ होत्या. वाचता वाचता त्या थांबायच्या आणि चूक दुरुस्त करायच्या.

"अगं बाई, देवाच्या पुस्तकात लिहितां?" आय घाबरून म्हणायची. "चालतं का तें देवाला?"

"देवाला चालत असेल. मला नाही चालत."

चौथं चित्र येशू आणि त्याची आई रस्त्यात भेटतात त्याचं होतं. ते मधल्या दाराच्या चौकटीवर होतं. तिथली प्रार्थना बाई भराभर वाचायच्या, मान वर न करता. आयला दिसत नव्हतं तरी कळायचं. शेवटी ती आपल्या मनाने एक नमो मारिया, येशूच्या आईची प्रार्थना, जास्तीची म्हणायची आणि सांगायची, "हें तुमच्या पोरासाठी." बाई ख्रिस्ती नव्हत्या, पण ती प्रार्थना संपेपर्यंत पुस्तक मिटत नसत.

त्याच दिवसांत माझ्या आत्याने माझ्यासाठी स्थळ आणलं. मुलगा वांद्र्याचा, बँकेत. घर स्वतःचं, पुढे बाग, घरात पियानो. मूळचे गोव्याचे, पण दोन पिढ्या मुंबईत. मराठी त्यांना कळत असावी, पण कळत नसल्यासारखी ती माणसं वागत. मी मुलाला आत्याकडे दोनदा भेटले होते आणि मला तो आवडला होता. आजही खोटं सांगत नाही, मला ते घरही आवडलं होतं. उपासकाळात लग्नाची बोलणी नकोत असं आयचं मत होतं. "ईस्टर होऊं दे," ती म्हणत होती. ईस्टरनंतरच्या रविवारी त्यांनी आमच्याकडे यायचं ठरलं होतं.

ते आले उपासकाळातल्या चौथ्या शुक्रवारी, न कळवता. गिरगावात त्यांच्या कोणा नातेवाइकांकडे कोणी आजारी होतं, तिकडून उठून आले. मी नेमकी त्या दिवशी लवकर घरी होते. संध्याकाळचे सहा-साडेसहा वाजले असतील. आत आय आणि बाई नवव्या चित्रापाशी होत्या, आणि जिन्यावर बुटांचे आवाज आले.

मुलगा, त्याचे वडील, त्याची आई. मी त्यांना बाहेरच्या खोलीत बसवलं. शिवणयंत्रावर कापड पडलं होतं, ते उचललं. त्यांची नजर भिंतीवरच्या पुठ्ठ्यांवरून फिरत होती. "हाऊ क्वेंट," मुलाची आई म्हणाली, जुनी गमतीची वस्तू बघावी तशी. मी आत जाऊन आयला सांगितलं. तिची धांदल उडाली, साडी बदलायला पाहिजे म्हणाली. मी म्हटलं, बदल. आणि बाहेर येऊन बसले.

थोड्या वेळाने बाई बाहेर डोकावल्या. पदर खोचलेला, पाय अनवाणी, साडी धुऊन धुऊन विटलेली. हातात ते पुस्तक होतं आणि कानात पेन्सिल. त्या मला मराठीत म्हणाल्या, "साडी बदलताहेत. आणतेच मी त्यांना." त्याच वेळी आतून आयची हाक आली, "बाई, जरा पिन द्या हो!"

मुलाच्या वडिलांनी हसून माझ्याकडे पाहिलं.

"युवर बाई?"

शब्द तोच होता. वांद्र्याच्या घरात बाई म्हणजे भांडी घासणारी, लादी पुसणारी. त्यांचा काही दोष नव्हता. मी फक्त एवढंच सांगायला हवं होतं की, नाही, या आमच्या शेजारीण आहेत, शिक्षिका आहेत. एक वाक्य. इंग्रजीत ते फार फार तर सहा-सात शब्दांचं झालं असतं.

मी म्हटलं, "येस. शी कम्स इन द इव्हनिंग्ज."

बाई दारातच होत्या. त्यांना इंग्रजी येतं हे मला माहीत होतं. माझ्या मॅट्रिकच्या वर्षी इंग्रजी व्याकरण त्यांनीच माझ्याकडून करून घेतलं होतं, रोज संध्याकाळी तासभर, काही न घेता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. वर्गातल्या हुशार मुलीने सोपं गणित चुकवलं तर बघतात तसं.

तेवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. पण खोटं बोललं की ते उभं ठेवायला टेकू लागतो. मी म्हणाले, "बाई, चहा टाका चार कप."

बाईंना मी जन्मात कधी असं सांगितलं नव्हतं. त्यांनी पुस्तक शिवणयंत्रावर ठेवलं. आत गेल्या, आयला पिन दिली असावी, मग चुलीपाशी भांड्यांचा आवाज आला. कपाटातले चांगले कप कुठे असतात ते त्यांना ठाऊक होतं.

बाहेर गप्पा इंग्रजीत चालल्या. मुलाचे वडील दंगलींबद्दल बोलायला लागले. हे दगड मारणारे गुंड आहेत, म्हणाले. अडाणी गिरणी कामगारांना चिथावून रस्त्यावर आणतात. मुंबई यांच्या हातात गेली तर आपल्यासारख्यांनी जायचं कुठे? पकडलेत त्यांना सोडताच कामा नये. तेवढ्यात बाई चहाचा ट्रे घेऊन आल्या. त्या आल्या म्हणून ते थांबले नाहीत. थांबण्याचं कारणच नव्हतं, त्यांच्या लेखी तिथे कोणी आलंच नव्हतं. बाईंनी एकेकासमोर कप धरला. मुलाने कप घेतला, वडिलांनी घेतला. मुलाची आई मात्र "थँक यू" म्हणाली आणि क्षणभर बाईंच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. चौथा कप माझा. तो मी बाईंच्या हातून घेतला.

मग बाईंनी आयला हाताला धरून आणलं आणि खुर्चीवर बसवलं. आय हसतमुख होती. तिला समोरचे चेहरे दिसत नव्हते आणि बोलणं कळत नव्हतं. ती आपली आवाजाच्या दिशेने मान वळवायची. बोलता बोलता ती मराठीत म्हणाली, "ह्या बाई आहेत म्हणून माझं निभतं हो. नायतर माझं काय झालं असतं!"

"यू आर लकी," मुलाचे वडील मला म्हणाले. "अशी माणसं हल्ली मिळत नाहीत."

आयने विचारलं, "काय म्हणतात, गो?"

मी म्हटलं, "म्हणतात, बाई फार चांगल्या आहेत."

"मग! आहेतच," आय म्हणाली.

पाहुणे गेले. मी त्यांना खाली गल्लीच्या तोंडापर्यंत पोचवून आले. मुद्दाम हळूहळू जिना चढले. वर आले तेव्हा कप विसळून पालथे घातलेले होते. बाई पदराला हात पुसत होत्या. मला वाटलं, आता बोलतील. त्या आयला म्हणाल्या, "कितव्यावर होतो आपण?"

"नवव्या," आय म्हणाली. "पण राहूं द्या बाई, उशीर झाला."

"अर्धवट नको," बाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा लावला आणि उरलेली सहाही वाचली. मी मधल्या दारात उभी होते. मला पुढेही जाता येईना आणि मागेही.

रात्री जेवताना आय म्हणाली, "बाईंची ओळख नीट करून दिलीस ना, गो? कोण म्हणून सांगितलंस?"

"शेजारीण म्हणून सांगितलं. शिक्षिका आहेत म्हणून सांगितलं."

म्हणजे एकाच संध्याकाळी दोन्ही बाजूंना खोटं.

पुढच्या शुक्रवारी बाई येणार नाहीत अशी माझी खात्री होती. मी लवकर आले, पुस्तक हातात घेऊन बसले. ठरल्या वेळी त्या आल्या, चपला काढल्या, माझ्या हातातून पुस्तक घेतलं. मी त्यांच्या मागे चुलीपाशी गेले आणि हळूच म्हटलं, "बाई, त्या दिवशी…"

"आधी लग्न ठरू दे," त्या म्हणाल्या. "आईंच्या कानावर काही जाता कामा नये. कळलं?"

एवढंच. त्या माझ्याशी पूर्वीसारखंच बोलत राहिल्या, पण मला अगं म्हणायचं त्यांनी सोडलं. वाडीतल्या बाकी सगळ्या मुलींना त्या अगं म्हणत. हे फक्त मला कळत होतं.

ईस्टरपूर्वी मी पापनिवेदनाला गेले. जाळीपलीकडच्या फादरना सांगितलं, मी एका शेजारणीबद्दल खोटं बोलले, तिचा कमीपणा केला. फादर म्हाताऱ्या आवाजात म्हणाले, "दहा नमो मारिया म्हण, आणि तिच्याकडे जाऊन तिची क्षमा माग. नुसत्या प्रार्थनेने भागायचं नाही." दहा नमो मारिया मी तिथेच बाकावर बसून म्हटल्या. दुसरं केलं नाही. आणि तरी ईस्टरला जिभेवर प्रसाद घेतला.

वांद्र्याहून होकार आला. साखरपुड्यानंतर मी एकदा त्यांच्या घरी गेले असताना माझ्या होणाऱ्या सासूबाई आणि मी बागेत एकट्याच होतो. मला राहवेना. लग्नात आय बाईंना पहिल्या रांगेत बसवणार, तेव्हा हे उघडं पडणारच, ही भीतीही होतीच. सगळंच पश्चात्तापाने केलं असं म्हणणार नाही. मी त्यांना सांगितलं की त्या दिवशी चहा दिला त्या कामवाल्या नव्हत्या.

त्यांनी गुलाबाची सुकलेली फांदी कापली आणि इंग्रजीत म्हणाल्या, "मला तेव्हाच कळलं होतं. कामवालीच्या कानात पेन्सिल असते होय?"

मी खाली पडलेली फांदी उचलली.

"पण तू प्रसंग निभावून नेलास," त्या पुढे म्हणाल्या. "तेव्हाच मी यांना सांगितलं, ही मुलगी आपल्या घरात रुळेल."

त्यांनी ते कौतुकाने सांगितलं. माझ्या आयुष्यात माझं इतकं कौतुक फार कमी वेळा झालं आहे, आणि त्या कौतुकाइतकी शरमही मला पुन्हा कशाची वाटली नाही. त्या वेळी मी उठून यायला हवं होतं, असं आज लिहिताना सहज वाटतं. मी उठले नाही. दुसरी फांदी त्यांनी माझ्याकडे धरायला दिली, ती मी धरली.

लग्नाला बाई आल्या नाहीत. त्या दिवशी शाळेत परीक्षा आहे असं त्यांनी आयला सांगितलं. परीक्षा आदल्या आठवड्यातच संपली होती. वाडीतल्या मुलांना सुट्टी लागून ती अंगणात खेळत होती. त्यांचा आवाज आयला ऐकू येत नसेल असं नाही. पण बाई सांगतात ते खरं, असं ती धरून चालायची.

मी वांद्र्याला गेले. आय गिरगाव सोडायला तयार नव्हती. पुढचे तीन उपासकाळ बाईंनीच तिला वाचून दाखवलं. मुलगा तुरुंगातून सुटून आला, नोकरीला लागला, तोही शुक्रवारी आयला उठवायला यायचा म्हणे. मी कधी गेले तर महिन्यातून एकदा रविवारी, नवऱ्याबरोबर, तासभर. आय गेली त्या पहाटे तिच्याजवळ बाई होत्या, मी नव्हते. मरणाऱ्यासाठीच्या प्रार्थना पुस्तकात शेवटी असतात. त्या बाईंनी शोधून वाचल्या होत्या.

आय गेल्यावर बाई मुलाकडे दादरला राहायला गेल्या. महाराष्ट्र राज्य झालं त्या साली, गल्लोगल्ली पेढे वाटले गेले त्यानंतर काही दिवसांनी, मी पत्ता काढून त्यांच्याकडे गेले. एकटी गेले. दुपारची वेळ होती, मुलगा-सून कामावर होते. बाईंनी दार उघडलं, मला बसवलं, पाणी दिलं. या वेळी मी वाट पाहिली नाही. सगळं सांगितलं. चहाचं, आयशी खोटं बोलल्याचं, सासूबाई काय म्हणाल्या तेही. शेवटी मी म्हटलं, "बाई, मला क्षमा करा."

त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"तू कामवाली म्हणालीस त्याचं मला काही नाही," त्या म्हणाल्या. "माझी आई चार घरची धुणी धुवायची. तो माणूस माझ्या मुलाला आत डांबून ठेवा म्हणत होता आणि तू चहा पीत होतीस. त्याचा मला राग आला. अजून येतो, खोटं कशाला सांगू?"

मी हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला.

"तुझ्या आईला मात्र काही कळलं नाही," त्या म्हणाल्या. "तेवढं मी सांभाळलं. ते तुझ्यासाठी नव्हतं."

मी उठायला लागले. त्या म्हणाल्या, "बस. भात टाकलाय. या वेळेला आलेल्या माणसाला उपाशी कसं पाठवू?"

त्यांनी ताट वाढलं. त्या समोर बसून राहिल्या, जेवल्या नाहीत. त्यांचं जेवण झालं होतं की नाही ते मी विचारलं नाही. आमटी फार तिखट होती. मी पानात काही ठेवलं नाही, मग ताट उचलून मोरीवर नेलं आणि घासायला बसले. बाईंनी मला तसं करू नको असं म्हटलं नाही.